तानीबाई इथं राहत न्हाय

६ फेब्रुवारी १९८३, रविवार. निपाणी

ही डायरी अण्णानं एक जानेवारीला दिली. बँकेची आहे, वर सोनेरी अक्षरं. देताना म्हणाला, रोज चार ओळी लिही, डोकं जरा ठिकाणावर राहील. तेव्हापासून उद्या लिहू, उद्या लिहू असंच चाललंय. मधे पेन हरवलं. पेन सापडलं तर डायरी शेजारच्या सुलामावशीच्या नातीनं बोरं ठेवायला नेली होती. पण खरं कारण ते नाही. लिहायला बसलं की बाहेर कसलातरी आवाज येतो आणि मी उठून बघायला जातो. दहावीच्या परीक्षेला पण तसंच झालं, बाहेर वरात चालली होती.

आज मात्र लिहितोय, कारण हे लिहिलं नाही तर उद्या मलाच खरं वाटणार नाही. आम्ही जपानला जाणार. आम्ही म्हणजे आई, अण्णा, वहिनी आणि मी सत्याप्पा. आमच्या घरात आजवर समुद्र फक्त मी बघितलाय, तो पण वेंगुर्ल्याला, मासळीच्या ट्रकवर बसून गेलतो तेव्हा.

झालं असं. चार वर्षांमागं एक जपानी भंते हातात चपटा ढोल घेऊन कोल्हापूरकडनं चालत गोव्याला निघाले होते. निपाणीत आले ते कावीळ घेऊनच. विहारावरचे पत्रे वाऱ्यानं उडालेले, मग भंतेंना ठेवायचं कुठं? गल्लीतले मोठे लोक चर्चा करत बसले आणि आईनं त्यांना हाताला धरून घरी आणलं. वखारीतनं तंबाखू चाळून आली की त्यांना पेज, ताक, उसाचा रस. चालता येईपर्यंत ते आमच्यातच होते. आम्ही सगळे आई म्हणतो म्हणून तेही आईच म्हणायचे. त्यांना ते तिचं नावच वाटत होतं की काय कुणास ठाऊक.

आता त्यांच्या गावाकडं स्तूप बांधून होतोय. ऑक्टोबरात सोहळा. त्यांनी इंग्रजीत कळवलंय, अण्णानं वाचून दाखवलं, की आईनं आणि तिच्या मुलांनी यायचंच, तिकिटं तिथला विहार पाठवील, मेअखेर पासपोर्टावरची नावं कळवा.

आईनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "तिथं माणसं खालीच बसत्यात न्हवं? भंते सांगत हुते."

अण्णा म्हणाला व्हय.

"मग मला काय अवघड हाय?"

अण्णा म्हणाला, आई, इमानात लई तास बसावं लागतं, थंडी असते, तिथलं खाणं उकडलेलं मिळमिळीत, तुझ्यानं होईल का याचा विचार कर. आई म्हणाली, "मला तू न्हेणारायस, का भंतेनी बोलावलंय?"

अण्णा संध्याकाळच्या गाडीनं बेळगावला गेला. मी तेव्हापासून दोन काटक्यांनी भात खायची सवय करतोय. भात पडतो. भाकरीला बरं जमतं.

१३ फेब्रुवारी, रविवार

पासपोर्टाच्या फोटोसाठी आईला घेऊन बेळगावला गेलतो. अण्णा खडेबाजारात स्टुडिओशी थांबणार होता. स्टँडवरनं थेट जायचं ठरलं होतं, पण वाटेत एका मैदानात अखंड सायकलवाला आलेला. सात दिवस सायकलवरनं खाली न उतरणारा माणूस. सायकलवरच दाढी, सायकलवरच अंघोळ. मी आईला म्हटलं, पाच मिनिटं. आई पण बघायला लागली. जरा वेळानं तिनं तिकडच्या एका माणसाला गंभीरपणे विचारलं, बाकीचं सगळं बघितलं, पण हा लघवीला कुठं जातो. तिथनं निघेपर्यंत अण्णाला आमची वाट बघून घाम फुटला होता.

फोटोवाला म्हणाला, पदर खाली घ्या, दोन्ही कान दिसायला पाहिजेत. आई म्हणाली, कान बघून जपानला काय कळणार. पण घेतला. हसा म्हटलं तर हसली नाही. फोटो असा आलाय की वखारीच्या मालकानं बघितला तर विचारायच्या आत पगार वाढवील.

पासपोर्टाचे कागद अण्णानं तिथंच बाकावर बसून भरले आणि आईचे आणि माझे निपाणीच्या पत्त्यावर, त्याचे आणि वहिनीचे बेळगावातल्या अनगोळच्या पत्त्यावर, उत्तर सगळ्यांचं त्याच्याकडं, असे बेंगळूरला लावून दिले. मी म्हटलं, चला अनगोळला, वहिनीच्या हातचा चहा पिऊन जाऊ, आईनं अजून तुझी खोली बघितलेली नाही. अण्णा म्हणाला वहिनी घरात नाही, शाळेत गेलीय. वहिनी सरकारी शाळेत मास्तरीण आहे. परत येताना गाडीत माझ्या ध्यानात आलं की आज रविवार. आईला तसं म्हटलं. आई म्हणाली, खिडकी लाव, धूळ येती.

अण्णाच्या खोलीच्या दारावरच्या पाटीवर नुसतं 'डी. एस.' आहे. आडनाव का नाही म्हणून मागं विचारलं तर म्हणाला पाटीवर मावत नाही. आमचं आडनाव तीन अक्षरी आहे. मला कळत नाही असं नाही. आमच्यातल्या माणसाला बेळगावात भाड्याची खोली कशी मिळते ते मला चांगलं ठाऊक आहे. पण मी असतो तर पाटीच मोठी केली असती.

९ मार्च, बुधवार

मधे लिहायचं राहिलं कारण मी संकेश्वरला होतो. हायवेवरनं एक हत्ती चाललेला, त्याच्या मागनं गेलतो. तो किस्सा नंतर.

मी नसताना गल्लीनं मोठं काम केलं. सोमवारी दुपारी पोलीस आलता. भरमा नावाचा हवालदार, हातात कागद. गल्लीत दोन वर्षांपासनं एक नियम आहे. कुणी ठरवला नाही, पण तंबाखूच्या आंदोलनात पोलीस नावं विचारत फिरले आणि नाव सांगितलं ती माणसं गाडीत गेली, तेव्हापासनं आहे. खाकी कपड्यानं नाव विचारलं की त्या नावाचा माणूस नाही.

भरमानं नळावर सुलामावशीला विचारलं, तानीबाई, म्हणजे आमची आई, कुठं राहते. मावशी घागर भरता भरता कानडीत म्हणाली, असली कोण बाई इथं नाही. मग सत्याप्पा? तो पण नाही. शेजारी रवळूआप्पा बसलेले, त्यांना ऐकूच येत नाही, त्यांनी सुद्धा दोन्ही हात हलवले. पोरं तर गोट्या टाकून ओळीनं उभी राहून नाही म्हणाली. बिचारा भरमा उन्हानं दमून आमच्याच दाराच्या पायरीवर टेकला. सुलामावशीनं आमच्याच माठातलं पाणी त्याला दिलं. तो आमच्या पायरीवर बसून, आमचं पाणी पिऊन, तानीबाई इथं राहत नाही असं लिहून गेला.

आई वखारीतनं आल्यावर सगळी गल्ली सांगायला जमलेली. आईनं विचारलं, कागदावर काय फोटोबिटो होता का.

"तुजाच हुता की तानाक्का," सुलामावशी म्हणाली. "दोन कान दिसत हुते. म्हणून तर लगेच न्हाय म्हटलं."

वखारीतल्या बायकांच्या संघटनेत आईचं नाव पुढं आहे, मालकानं काहीतरी तक्रार घातली असणार. तिला न्यायलाच आलते. मी नसताना गल्लीनं माझी आई वाचवली. शाबास म्हणून मी सगळ्यांना शेवचिवडा दिला. आईनं मात्र खाल्ला नाही. म्हणाली, माझा फोटो मालकाकडं कुठनं आला?

मी म्हटलं, पोलिसांकडं सगळं असतं.

२ एप्रिल, शनिवार

आता मलाच माझ्या मुस्काटात मारावीशी वाटतेय.

अण्णानं निरोप पाठवला म्हणून अनगोळला गेलतो. अण्णाचा आणि वहिनीचा पासपोर्ट आला. निळा, कडक, वास पण नवा. आईचा आणि माझा नाही आला. बेंगळूरनं कळवलंय, दिलेल्या पत्त्यावर चौकशी केली असता सदर व्यक्ती तिथं राहत नाहीत.

म्हणजे भरमा पासपोर्टासाठी आलता. अण्णाकडं त्याच्या आठवडाभर आधीच चौकशी होऊन गेली होती. पोलीस घरी येतात हे त्याला ठाऊक होतं. आम्हाला सांगायचं त्याच्याकडनं राहून गेलं असणार. बँकेत मार्चला कामं लई असतात.

वर जायच्या आधी जिन्याखाली घरमालकीण भेटल्या. आक्काताई. शेतीवाडीच्या, दोन म्हशी दारात, नऊवारीचा काष्टा आणि आवाज असा की म्हशीनं ऐकावं. मी कोण म्हणून विचारलं, धर्मराजचा, म्हणजे अण्णाचा, धाकटा भाऊ म्हटल्यावर म्हणाल्या, भाऊ हाय व्हय, कधी बोलला न्हाय. मग बसवून ताक दिलं. मी ताक पिताना बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "आई न्हाय म्हटल्यावर घरच गेलं की रं. लेकरांचं कोण बघणार."

वहिनीची आई गेल्या दिवाळीत वारली, ते त्यांना ठाऊक दिसतंय. मी म्हटलं, व्हय, वहिनीला लई लागलं. आक्काताई माझ्याकडं जरा विचित्र बघायला लागल्या. तेवढ्यात वरनं वहिनीनं हाक मारली, सत्याप्पा, वर या लवकर. एवढ्या घाईनं हाक मारली की ताक निम्मं राहिलं.

वर अण्णानं बेंगळूरचं पत्र वाचून दाखवलं. मला वाटलं आता तो भरमाच्या नावानं ओरडंल, गल्लीच्या नावानं ओरडंल. तो शांत होता. म्हणाला, असू दे, आता परत सगळं करायचं म्हणजे मे संपून जाईल. आम्ही दोघं जाऊन येतो. आईच्या नावानं स्तुपाला फूल वाहू, फोटो काढून आणू.

मी म्हटलं, बोलावलंय तिला. तू तिचा पोरगा म्हणून जाणार आणि तिलाच घरात ठेवून जाणार?

"हळू बोल," अण्णा म्हणाला. "खाली ऐकू जातं."

मी काय चोरीचं बोलत होतो? मुद्दाम मोठ्यानं बोललो. वहिनी खिडकीशी उभी होती, पासपोर्ट उघडून तिचाच फोटो बघत होती. चहा पण करायची विसरली.

३ एप्रिल, रविवार

सकाळी गल्लीत सगळं सांगितलं. सुलामावशी घागर घेऊन रस्त्यातच बसली. म्हणाली, आमीच तुझा पाय मोडला गं तानाक्का. रवळूआप्पांना काय झालं ते ओरडून सांगावं लागलं, मग त्यांनी स्वतःच्या दोन्ही हातांकडं बघितलं. पोरांनी आज गोट्या काढल्या नाहीत.

आई कुणालाच बोलली नाही. म्हणाली, तुमी मला राखायला गेलासा, त्यात वाईट काय. पण मी हाय तर हाय. आता तसं सांगून येऊ.

मग ती दारात भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली. तिला जरा हसवावं म्हणून मी अनगोळच्या गमती सांगितल्या. दोन म्हशी, आक्काताईंचा आवाज, ताक. वहिनीच्या आईचं कसं त्यांनी मलाच सांगितलं ते पण.

आई शेंगा फोडायची थांबली. "काय म्हणाली ती? परत सांग."

मी परत सांगितलं.

"वहिनीचं नाव घेतलं तिनं?"

घेतलं नव्हतं. पण दुसरं कुणाचं असणार? मी तसं म्हटलं. आईनं विचारलं, त्याच्या आधी ती काय म्हणाली, भाऊ असल्याचं धर्मराज कधी बोलला न्हाय असं म्हणाली का? मी म्हटलं व्हय. आई उठली, शेंगांची टरफलं झाडली, आत गेली आणि चांगली घासलेली कळशी बाहेर आणून परत घासायला लागली. मी विचारलं काय झालं. म्हणाली, डाग हाय.

मला डाग दिसला नाही.

५ एप्रिल, मंगळवार

आज ठाण्यावर मोर्चा. वखार सुटल्यावर सगळ्या बायका तशाच, अंगावर तंबाखूची धूळ घेऊन आल्या. ठाण्यात शिरल्या शिरल्या दोन पोलीस शिंकायला लागले. फौजदार नवीन आहेत, वयानं अण्णाएवढे, चांगले बोलले. त्यांना वाटलं संपाचं काहीतरी आहे. सुलामावशी पुढं होऊन म्हणाली, आम्ही खोटं बोललो ते लिहून घ्या आणि तानीबाई आहे असं खरं लिहा.

फौजदार म्हणाले, "मागं न्हाय म्हणालात. आता हाय म्हणताय. मी कुठलं खोटं धरू?"

आई पुढं आली. ती टेबलाच्या एवढी जवळ उभी राहिली की फौजदारांनी खुर्ची मागं घेतली.

"साहेब, मी हाय. बगा की."

फौजदार म्हणाले, बाई तुम्ही आहात ते मला दिसतंय, पण तुम्ही त्या घरात राहता हे मी कसं सांगू. मग आईनं कोपऱ्यातल्या भरमाला हाक मारली. कुणाच्या पायरीवर बसला होतास, कुणाच्या माठातलं पाणी प्यालास, माठावर पांढऱ्या रंगानं काय काढलंय? भरमा म्हणाला, फूल. आई म्हणाली, ते मी काढलंय, आणि माठ माझा हाय. सगळं ठाणं हसलं, फौजदार सुद्धा. भरमा तेवढा घामानं भिजला.

पण नियम नियमच. फौजदारांनी सांगितलं की फेरचौकशी करता येईल, पण गल्लीतली साक्ष एकदा उलटली, ती आता चालणार नाही. गल्लीबाहेरची, नात्यात नसलेली दोन माणसं आणा. घरमालक असोत, सरकारी नोकर असोत, पण तुम्हाला ओळखणारी आणि ठाण्यात येऊन सांगणारी.

बाहेर पडल्यावर मी म्हटलं, हात्तिच्या, दोनच तर माणसं. आई म्हणाली, तू जग लई फिरलायस, सांग बरं दोन नावं.

मी वेंगुर्ल्यापासनं संकेश्वरपर्यंतची माणसं आठवली. ओळखी पुष्कळ आहेत. घरमालक त्यात एक पण नाही.

१४ एप्रिल, गुरुवार

आज जयंती. निळे झेंडे, लेझीम, मी ढोल वाजवून हाताला फोड आणलाय म्हणून अक्षर असं. बाबासाहेब बोटीनं परदेशाला गेले ते भाषणात सांगितलं तेव्हा सगळी गल्ली आईकडं वळून बघायला लागली. आईनं पदर सरळ केला आणि पुढं बघत राहिली.

एक साक्षीदार मिळाला. हायस्कूलचे जुने शिपाई जोतिबा, रिटायर होऊन स्टँडमागं स्वतःचं घर बांधलंय, आईला तीस वर्षं ओळखतात. दुसरा मिळंना. वखारीच्या मालकाकडं आई स्वतः गेली. तो म्हणाला, संघटना आहे ना तुमची, संघटनेला जपानला ने म्हणावं. आई म्हणाली, न्हेते की, पुढच्या खेपेला. दवाखान्यातल्या बाईंची बदली झालीय. पलीकडच्या पेठेतल्या लोकांना चेष्टा सापडली आहे. आई बाजारात गेली की कोणतरी विचारतंच, आली काय जपान बघून? आई थांबून नीट उत्तर देते, अजून न्हाय गेली, जाऊन आल्यावर सांगते, तुमच्यासाठी काय आणू? असं दोनदा झाल्यावर विचारणारे कमी झालेत.

अण्णा जयंतीला आला नाही. जन्मल्यापासनं पहिल्यांदा. ऑडिट आहे म्हणे. मी आईला म्हटलं, अण्णाच बँकेतनं एखादा साहेब घेऊन येईल, एक सही तर पाहिजे, निरोप देऊ. आई म्हणाली, त्याला दिलाय. मी विचारलं काय म्हणाला. म्हणाली, ऑडिट हाय म्हणाला.

२४ एप्रिल, रविवार

आज मी वाटेत कुठंही थांबलो नाही. हे डायरीत लिहून ठेवण्यासारखं आहे.

आईनं काल शेंगापोळ्या केल्या. गूळ चांगला, खसखस लावून, कडक. डबा भरून माझ्या हातात दिला आणि समोर उभं करून सांगितलं, जसं पोराला शाळेत पहिल्या दिवशी सांगावं. डबा वर न्यायचा नाही. खाली द्यायचा, घरमालकिणीच्या हातात. "धर्मराजच्या आईनं दिलंय म्हणायचं. कुठं राहती म्हणून इचारलं तर विहाराच्या मागं म्हणायचं. काय करती इचारलं तर तंबाखू चाळती म्हणायचं. काय लपवायचं न्हाय आणि काय वाढवायचं न्हाय. वाटंत थांबलास तर परत या घरात येऊ नगोस."

अनगोळच्या कोपऱ्यावर कुस्त्या चालल्या होत्या. हलगीचा आवाज येत होता. मी कानावर हात ठेवून गेलो.

आक्काताई म्हशीची धार काढून उठल्या होत्या. मी डबा पुढं केला आणि शिकवल्याप्रमाणं म्हटलं.

"कुणाच्या आईनं?"

"धर्मराजच्या. माझ्या पण."

त्या तिथंच बाजेवर बसल्या. दुधाची चरवी खाली ठेवायची पण सुचली नाही, एका हातात चरवी, मांडीवर डबा. त्यांनी कुठं राहते विचारलं, काय करते विचारलं. मी सांगितलं. मग मला थांबता येईना, मी भंते, कावीळ, दोन कान, भरमा, माठावरचं फूल, फौजदार, सगळं सांगितलं. वाढवलं काही नाही. विहाराच्या मागं म्हटलं तेव्हा त्यांनी एकदा जिन्याकडं वर बघितलं. डबा उघडला नाही. मग उठून आत गेल्या आणि दार लोटून घेतलं. जा म्हणाल्या नाहीत, बस म्हणाल्या नाहीत.

अण्णा जिन्यात उभा होता. कधीपासनं कुणास ठाऊक. मला दंडाला धरून रस्त्यावर नेलं.

"काय केलंस तू हे?"

"शेंगापोळ्या दिल्या."

मारतो की काय असं वाटलं. पण तो गटारीच्या कठड्यावर बसला, बँकेचे कडक कपडे घालून, आणि दोन्ही हातांत डोकं धरलं. म्हणाला तुला काय कळत नाही सत्या. मी म्हटलं, सांग की मग, काय कळत नाही? खोली जाईल एवढंच ना? तो म्हणाला, खोलीचं नाही रं.

वर खिडकीत वहिनी दिसली. मला वाटलं रडतेय, पण ती हसत होती. ऊन डोळ्यांवर आलं असंल.

१ मे, रविवार

काही खबर नाही. अण्णाची नाही, फौजदारांची नाही. मला दोनदा स्टँडवर जाऊन गाडीत बसावंसं वाटलं, कुठलीही गाडी. बसलो नाही. जोतिबा शिपाई रोज विचारतात, दुसरा मिळाला का, मी किती दिवस जिवंत राहीन सांगता येत नाही.

आईनं जपानसाठी गोधडी शिवायला घेतलीय. भंतेंसाठी. जुन्या साड्यांचे तुकडे, निळे जास्त. गल्लीतली प्रत्येक बाई येऊन चार टाके घालून जाते. सुलामावशी दोनदा येते.

मी आईला म्हटलं, आपण डबा दिला ते चुकलं की काय, अण्णाची खोली जाणार बहुतेक, त्या बाईंनी दारच लावलं. आईनं सुई दातात धरली होती, ती काढून म्हणाली, "खोली गेली तर दुसरी मिळंल. मी काय खोली न्हवं."

मी म्हटलं, व्हय, आणि जपान पण दुसरं नाही. ती माझ्याकडं बघून हसली आणि सुईत दोरा ओवायला सांगितला. तिला दिसत नाही असं नाही. मला बसवून ठेवायला सांगते.

ती म्हणाली, मेअखेर झाली तरी मी नाव कळवणार. पासपोर्ट असो नसो. भंतेंना सांगणार, मी हाय, येणार हाय, सरकारची समजूत पटायची राहिलीय.

८ मे, रविवार

सकाळचे नऊ असतील. आत्ता घडतंय ते आत्ताच लिहितोय, नाहीतर परत राहील.

मी पायरीवर दाढी करत होतो. सुलामावशी नळावरनं पळत आली, घागर तिथंच टाकून. म्हणाली, एक बाई गल्लीच्या तोंडाशी विचारतेय, तानीबाई कुठं राहते. मी विचारलं तुम्ही काय सांगितलं. म्हणाली, जीभ सवयीनं न्हाय म्हणायलाच निघाली हुती रं, तोंडावर हात दाबून धरला. आणि मग सगळी गल्लीच एकदम बोलायला लागली. पोरं पुढं पळाली. रवळूआप्पा काठीनं आमचं घर दाखवत होते, कुणी विचारलेलं नसताना.

अनगोळच्या आक्काताई. काष्टा, कपाळावर घाम, पायात चपला धुळीनं पांढऱ्या. मागं वहिनी, हातात कपड्यांची पिशवी, म्हणजे मुक्कामाला आलीय. अण्णा नाही.

आई गोधडी बाजूला सारून दारात आली. आक्काताईंनी तिला खालपासनं वरपर्यंत बघून घेतलं.

"धर्मराजची आई ती तुमीच?"

"मीच."

"मला दोन वरसं सांगतोय, आई मेली म्हणून. मी त्या पोराला पित्राचं जेवाण घातलंय." आक्काताईंचा आवाज सगळ्या गल्लीत गेला. "जात इचारली असती तर मी बी खोली दिली नसती, ते खोटं बोलणार न्हाय. पण जित्या आईला मारायचं? माज्या घरात राहून?"

नळ चालूच होता, तो कुणी बंद करंना. मी साबण लावलेल्या तोंडानं उभा होतो. मला आत्ता कळलं. ताक पिताना कुणाच्या आईचं बोलणं चाललं होतं ते. आईनं ते मी सांगितलं त्याच दिवशी ओळखलं होतं आणि महिनाभर एक शब्द बोलली नव्हती.

मला वाटलं आई रडंल. ती म्हणाली, "ते माजं आणि त्याचं हाय, मी बघीन. तुमी कशाला आलासा?"

आक्काताई म्हणाल्या, सूनबाईनं रात्री सगळं सांगितलं. तुमच्या ठाण्यात घरमालकीण पायजे म्हणं. मी हाय. घर बघितलं, बाई बघितली, आता सांगीन त्यांना. आणि पोळ्यांत गूळ जरा जास्त हुता.

"आमच्यात जास्तच घालत्यात," आई म्हणाली. "बसा. उनातनं आलायसा."

आक्काताई पायरीवर बसल्यात. जोतिबा शिपायांना बोलवायला पोरं गेलीत. सुलामावशीनं चूल पेटवलीय आणि मला दूध आणायला सांगतेय. वहिनीनं पिशवी आत नेऊन खुंटीला अडकवली, ती आईच्या पाया पडायला वाकल्यावर आईनं तिला मधेच धरलं. मी हळूच विचारलं, अण्णा कुठाय? वहिनीनं हनुवटीनं दाखवलं. गल्लीच्या तोंडाशी पानपट्टीच्या पलीकडं कोणतरी पाठमोरं उभं आहे. कडक कपडे. बराच वेळ तिथंच आहे म्हणे, आत येईना आणि परत पण जाईना. त्यांच्याच गाडीनं आलाय.

आईनं पण बघितलं. तिनं माझ्या हातात दुधाचं भांडं दिलं आणि म्हणाली, दूध आण, आणि येताना त्याला घेऊन ये. येत न्हाय म्हणाला तर म्हणावं, तुजी आई बोलावतीया.

जातो.